एका एकरात पंचवीस हजार गोळ्या: भातातल्या सावकाश खताची गोष्ट

आवाज येतोय ना नीट? बाहेर पाऊस चालू आहे, पत्र्यावरचा आवाज मध्ये मध्ये ऐकू येईल. तो काढायचा प्रयत्न केला, नाही निघाला. असू दे, आजच्या विषयाला चालून जाईल.

आज भाताबद्दल बोलायचंय. नेमकं सांगायचं तर भाताला घातलेल्या युरियाबद्दल, आणि तो युरिया एकदम न विरघळता सावकाश कसा सुटेल, याबद्दल. मी काही कृषी पदवीधर नाही. बीटेक कम्प्युटरमध्ये केलंय, हिंजवडीला बॅकएंडचं काम करतो. पण घर रायगडात, माणगाव तालुक्यात, आणि घरी अजून भात लावतात. सव्वा एकर आहे, वेगवेगळ्या उंचीच्या सहा खाचरांत विभागलेलं. लावणीला मी चार दिवस सुट्टी टाकून जातो, बाकी वर्षभर आई, काका आणि काकी बघतात. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं असंच असणार: पगार एका गावाला, सातबारा दुसऱ्या गावाला.

सुरुवात गोणीपासून करू. निंबोळी तेलाचा लेप दिलेल्या युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला साधारण २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका गोणीत वीस-एकवीस किलो. आता हा युरिया पाणी भरलेल्या खाचरात नेहमीसारखा फोकून दिला, तर त्यातलं किती नत्र भाताच्या पोटात जातं? भातशेतीच्या प्रयोगांत हा आकडा बहुतेक वेळा ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास निघतो. उरलेल्यातलं थोडं मातीत राहतं, पण बरंचसं तुमच्या शेतातून निघून जातं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, एवढी गळती असलेली सिस्टिम आमच्या ऑफिसात एक दिवस चालू दिली नसती.

पण गळती कुठून होते हे समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. म्हणून जरा खाचरात उतरू.

आपल्याला वरून नुसता चिखल दिसतो. पण तो एकसारखा नसतो. सगळ्यात वर पाणी. त्याखाली मातीचा अगदी पातळ थर, काही मिलीमीटरचा, जिथे पाण्यातून थोडा ऑक्सिजन पोचतो. आणि त्याखाली काळपट-निळसर चिखल, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. लावणीला पाय आत रुतला की जो विशिष्ट वास येतो ना, तो या खालच्या मजल्याचा.

फोकलेला युरिया पाण्यात पडतो आणि लगेच विरघळतो. मातीत आणि पाण्यात युरिएज नावाचं एक विकर असतं, ते काही दिवसांतच त्याचं अमोनियम करतं. अमोनियम ही तशी चांगली गोष्ट, भाताला तेच आवडतं. पण ते अजून पाण्यात आहे. आणि त्या पाण्यात शेवाळ आहे. दिवसा ऊन पडलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं, दुपारी त्याचा सामू ९ च्या वर जाऊ शकतो. अशा पाण्यात अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि वाऱ्याबरोबर जातो. मुतारीत जो वास नाकात जातो, तोच वायू. म्हणजे खत घातल्यानंतर उघडीप मिळाली, छान ऊन पडलं, वारा सुटला, आपण खूश होतो, आणि नत्र वर उडत असतं.

जे उडत नाही ते त्या पातळ थरात जातं. तिथे ऑक्सिजन आहे, म्हणून तिथले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. इथे खरी मेख आहे. मातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियम धन भाराचं, म्हणून ते मातीला चिकटून राहतं. नायट्रेट ऋण भाराचं, त्याला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर खाली सरकतं, त्या ऑक्सिजन नसलेल्या मजल्यावर. तिथल्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही, मग ते नायट्रेटवर भागवतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. हवेतून आलेलं नत्र परत हवेत. त्यातलं थोडं नायट्रस ऑक्साइड म्हणून निघतं, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे.

तिसरी गळती कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. खत घातलं, रात्री धो धो पडला, बांधावरून पाणी गेलं. आमची खाचरं उतारावर आहेत. सगळ्यात खालचं खाचर शेजारच्या आजोबांचं, आणि त्यांचं भात दरवर्षी आमच्यापेक्षा हिरवंगार असतं. काका म्हणतात ते नशीबवान आहेत. मी म्हणतो, आपण त्यांचे खतपुरवठादार आहोत.

यावरचा जुना उपाय म्हणजे हप्ते पाडणे. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं तर थोडं लावणीला, थोडं फुटवे यायच्या वेळी, थोडं लोंबी धरायच्या सुमाराला. शास्त्र बरोबर आहे. पण दुसरा हप्ता द्यायची वेळ जुलै-ऑगस्टात येते, आणि तेव्हा कोकणात पाऊस तुम्हाला विचारून पडत नाही. पाणी काढून खत घालायचं असतं, पाणी निघतच नाही. शिवाय तोपर्यंत मुलगा पुण्याला परत गेलेला असतो.

म्हणून कल्पना अशी निघाली की एकदाच द्यायचं, पण असं द्यायचं की ते पिकाच्या भुकेप्रमाणे हळूहळू सुटेल. सर्व्हरवर एकदम दहा हजार रिक्वेस्ट आल्या तर तो झोपतो, म्हणून मध्ये थ्रॉटलिंग ठेवतात. तसंच काहीसं. हे करायच्या वाटा बऱ्याच आहेत.

एक वाट म्हणजे दाण्यावर लेप. अमेरिकेत टीव्हीए या सरकारी संस्थेने १९६० च्या दशकात गंधकाचा लेप दिलेला युरिया बनवला. आपल्याकडे २०२३ मध्ये ‘युरिया गोल्ड’ नावाने तसाच युरिया आला, त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असतं. जपानने पुढची पायरी गाठली, दाण्यावर प्लास्टिकचं पातळ कवच. आतलं खत पाण्याच्या उष्णतेनुसार झिरपतं, शेतकरी एकदाच खत देतो आणि हंगामभर निवांत. वयस्कर शेतकऱ्यांच्या देशात हे प्रचंड चाललं. पण खत संपल्यावर रिकामी कवचं उरतात, ती पाण्याबरोबर नदीत आणि तिथून समुद्रकिनाऱ्यावर जातात. आता तिथल्या खत उद्योगानेच २०३० पर्यंत हे प्लास्टिक थांबवायचं ठरवलंय. आपण तिकडे न गेलेलंच बरं, असं माझं मत. आमच्या शेताखालचा ओढा सावित्रीच्या खाडीला जातो की काळ नदीला, यावर घरात वाद आहे, पण जातो समुद्राकडेच.

दुसरी वाट म्हणजे जिवाणूंना आवर घालणं. कडुनिंबात असे घटक असतात की ज्यांनी अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. २०१५ पासून देशात सगळा युरिया निंबोळी-लेपितच करायचा असं ठरलं, त्यामुळे तुम्ही वापरताय तो आधीच थोडा ‘सावकाश’ आहे. पण मगाशी सांगितलेल्या तीन गळत्या आठवा. निंबोळी फक्त दुसरीवर काम करते. पाण्यातून उडून जाणाऱ्या अमोनियाला आणि बांधावरून वाहणाऱ्या पाण्याला ती काही करत नाही. म्हणून ‘आता निमकोटेड आलाय, सगळा प्रश्न सुटला’ असं दुकानात कोणी म्हणालं, तर मान डोलवायची घाई करू नका.

आणि तिसरी वाट, जिच्यासाठी मी आज माइक लावून बसलोय, ती रसायनाची नाहीच. ती जागेची आहे. युरिया वर टाकूच नका. मोठी गोळी करून सरळ त्या खालच्या, ऑक्सिजन नसलेल्या मजल्यावर नेऊन ठेवा. तिथे युरियाचं अमोनियम होतं, पण वर पाण्यात येत नाही, म्हणून उडत नाही. ऑक्सिजन नाही, म्हणून नायट्रेट होत नाही. धन भार असल्यामुळे मातीला चिकटून बसतं. आणि गोळीभोवतीच्या चिखलातून ते इंचाइंचाने पसरतं, तोवर मुळं त्याच्याकडे येतात. लेप नाही, प्लास्टिक नाही. काटेकोर बोलायचं तर याला ‘स्लो रिलीज’ म्हणावं की नाही यावर शास्त्रज्ञ कीस पाडतील, कारण गोळी विरघळते लवकरच. पण भाताच्या बाजूने बघितलं तर परिणाम तोच.

खत खोल ठेवायची ही कल्पना जुनी आहे. चीन-जपानकडे पूर्वी मातीच्या गोळ्यात खत भरून चिखलात दाबायचे. १९७० च्या दशकात फिलिपीन्सची भात संशोधन संस्था आणि अमेरिकेतल्या अलाबामामधली आयएफडीसी ही खतांवर काम करणारी संस्था यांनी मोठ्या दाण्याच्या युरियावर बरंच काम केलं. आयएफडीसीत हे काम करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, डॉ. एन. के. सावंत. त्यांनी पुढे महाराष्ट्रात ‘चारसूत्री भात लागवड’ मांडली. नाव आपण सगळ्यांनी कृषी सहायकाच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पोस्टरही असतं, निम्मं फाटलेलं. माझ्या पिढीतल्या किती जणांनी ते पूर्ण वाचलंय, देव जाणे.

चार सूत्रं अशी. पहिलं, भाताचंच उरलेलं भातालाच द्यायचं: तुसाची राख रोपवाटिकेत, पेंढा शेतात. दुसरं, गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीआधी खाचरात घालायचा. बांधावर गिरीपुष्प लावलं तर हे नत्र फुकट. तिसरं, नियंत्रित लावणी. आणि चौथं, युरिया-डीएपीच्या गोळ्या, ज्यांना ब्रिकेट म्हणतात.

तिसरं आणि चौथं एकमेकांशिवाय चालत नाही, हे लक्षात घ्या. दोरीवर खुणा करायच्या, १५ सेंटिमीटर, मग २५, मग १५, मग २५. दोन्ही दिशांना असंच अंतर. म्हणजे खाचरात चार-चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात, १५ बाय १५ चे, आणि चौकोनांच्या मध्ये २५ सेंटिमीटरची वाट. एका चुडात दोन-तीन रोपं. लावणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक छोट्या चौकोनाच्या मधोमध एक गोळी, साधारण २.७ ग्रॅमची, ७ ते १० सेंटिमीटर खोल. म्हणजे बोटभर. गोळी गेली की वरचं भोक चिखलाने बुजवायचं. न बुजवलेलं भोक म्हणजे परत वर यायचा जिना.

चार चुडांना एक गोळी, सगळ्यांना अंतर सारखं. मला ही रचना बघून फार आनंद झाला होता. एक संसाधन, चार ग्राहक, भांडण नाही.

आता गणित करू, कारण खरी गोष्ट गणितातच आहे. १५ अधिक २५ म्हणजे ४०. दर ४० बाय ४० सेंटिमीटरला एक गोळी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजन १६९ किलो, ज्याला सगळे १७० म्हणतात. गुंठ्याला सव्वासहाशे. एकराला पंचवीस हजार. युरिया आणि डीएपीचं प्रमाण ६०:४० धरलं तर यातून हेक्टरी ५७ ते ५९ किलोच्या आसपास नत्र जातं. नेहमीच्या शिफारशीत १०० जातं. म्हणजे नत्र जवळपास ४० टक्के कमी, आणि दुसरा-तिसरा हप्ता नाही. पाऊस किती पडतोय याची काळजी नाही. शिवाय गोळीत डीएपी असल्यामुळे स्फुरदही सोबत जातं. पालाश मात्र वेगळं द्यावं लागतं.

मी हे सगळं एका रविवारी लॅपटॉपवर मांडून घरी दाखवलं. काका म्हणाले, “एवढी वर्षं युरिया फोकलाय, भात आलंच ना?” हे अपेक्षित होतं. आईचं उत्तर मात्र अपेक्षित नव्हतं. ती गोळी हातात घेऊन बघत होती. म्हणाली, “गोळी चांगली आहे रे. पण पंचवीस हजार वेळा वाकायचं कोणी?”

याच्यावर मी बरेच दिवस विचार केला.

एक गोळी उचलणं, जागा बघणं, दाबणं, भोक बुजवणं, याला चार सेकंद धरा. पंचवीस हजार गोळ्यांना एक लाख सेकंद. म्हणजे २८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर एकराला साडेतीन माणूस-दिवस. आणि हे माणूस-दिवस कुठले? ऐन लावणीचे. जेव्हा गावात मजूर मिळत नाही, मिळाला तर चारशे-पाचशे रुपये रोज आणि वर जेवण. एरवी फुकट बसलेले दिवस असते तर गोष्ट वेगळी होती. साडेतीन दिवसांचे धरा दीड-पावणेदोन हजार रुपये.

आता दुसरी बाजू. एकरी ४० किलो नत्र नेहमी लागतं, ते सगळं युरियातून दिलं तर ८७ किलो युरिया. दोन गोण्या. ५३३ रुपये. त्यातले ४० टक्के वाचले, तर वाचले किती? दोनशे तेरा रुपये.

दोनशे तेरा रुपये वाचवण्यासाठी दीड हजारांची मजुरी! कुठली बाई हे करेल? आणि बाईच म्हणतोय, कारण लावणी कोण करतं हे आपल्या सगळ्यांना माहितीय. पुरुष औत नाहीतर पॉवर टिलर धरतात, आवण टाकतात. वाकलेल्या रांगेत बायका असतात.

चारसूत्री चांगली असूनही प्रत्येक खाचरात का नाही, याचं उत्तर मला इथे मिळालं. ‘शेतकरी अडाणी आहे, नवं स्वीकारत नाही’ हे भाषण मी कॉलेजमध्ये फार ऐकलंय. आईने चार सेकंदांत ज्या प्रश्नावर बोट ठेवलं, तो प्रश्न पोस्टरवर नसतो. युरिया आपल्याला मिळतो तो खऱ्या खर्चाच्या खूप खाली. वरचा कितीतरी मोठा भाग सरकार अनुदान म्हणून भरतं. आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला, नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो, आणि देशाला लागणाऱ्या वायूतला बराचसा बाहेरून येतो. म्हणजे आईने एक किलो युरिया वाचवला, तर त्यातले थोडे पैसे तिचे वाचतात आणि जास्त पैसे सरकारचे. हवा स्वच्छ राहिली ती सगळ्यांची. ओढ्याचं पाणी खालच्या गावाचं. आणि कंबर फक्त तिची.

माझं मत स्पष्ट आहे: युरियावर जे अनुदान जातं, त्यातला वाचलेला वाटा गोळी ठेवणाऱ्या हाताला मजुरी म्हणून द्यायला हवा. मग बघा पोस्टर लावायची गरज पडते का. पण ते होईपर्यंत काय, हाही प्रश्न आहेच.

तोवर हिशोब युरियाच्या बचतीवर मांडायचा नाही, उत्पन्नावर मांडायचा. साध्या भाताचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे गोळ्यांमुळे एकरी एक क्विंटल भात जरी जास्त आलं, तरी ठेवायची मजुरी निघून थोडं उरतं. एक क्विंटल ही काही अशक्य गोष्ट नाही. बांगलादेशात हीच पद्धत ‘गुटी युरिया’ नावाने लाखो शेतकऱ्यांकडे पोचली. तिथला अनुभव असा की युरिया साधारण एक तृतीयांश कमी लागतो आणि भात १५ ते २० टक्क्यांनी वाढतं. तिथे ते कसं जमलं? एक तर गोळ्या कारखान्यातून लांबून आल्या नाहीत. छोटी दाबयंत्रं गावोगावच्या खत दुकानदारांकडे दिली, साधा युरिया आत, गुटी बाहेर. आणि दुसरं, तिथली शेतं सपाट, मनुष्यबळ मुबलक. पहिली गोष्ट आपण उचलू शकतो. दुसरी नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षी गोळ्याच वेळेवर मिळाल्या नाहीत. तालुक्याच्या एका दुकानात आगाऊ पैसे दिले होते, ‘सोमवारी येतील’ असे तीन सोमवार गेले, तोपर्यंत लावणी उरकली. आल्या त्या निम्म्या ओलसर, एकमेकींना चिकटलेल्या. त्या वर्षी फोकूनच दिलं. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्येच आणून ठेवल्या आणि एका खाचरात, दहा गुंठ्यांत, घातल्या. शेजारचं खाचर नेहमीच्या पद्धतीने.

फरक डोळ्यांना दिसला. ऑगस्टच्या शेवटी, जेव्हा फोकलेल्या खाचराची पानं फिकट व्हायला लागली होती आणि काका दुसऱ्या हप्त्यासाठी उघडीप शोधत होते, तेव्हा गोळ्यांचं खाचर गडद होतं. फुटवेही जास्त. भातही जास्त निघालं. पण आकडा मी सांगणार नाही, कारण दोन खाचरांची उंची वेगळी, माती थोडी वेगळी, आणि गोळ्यांच्या खाचरात लावणीही दोरीवर झालेली. एका यूजरवर ए/बी टेस्ट करून प्रॉडक्ट लाँच करणारा मॅनेजर मी पाहिलाय, मला तसं व्हायचं नाही. काका मात्र आता ‘फोकून भात आलंच ना’ म्हणत नाहीत. ‘पुढच्या वर्षी वरच्या खाचरात पण टाकू’ म्हणतात, आणि आईकडे बघत नाहीत.

वाकण्याचं काय केलं? एक इंची पीव्हीसी पाइप घेतला, कंबरेएवढा. त्यात बरोब्बर बसेल अशी काठी. काठी तळापर्यंत ठेवून पाइप चिखलात दाबायचा म्हणजे आत चिखल भरत नाही, मग काठी काढायची, वरून गोळी सोडायची, पाइप उचलायचा, पायाने भोक बुजवायचं. हाताने दाबण्यापेक्षा वेळ जास्तच लागतो. पण उभ्याने होतं. आईने दोन तास केलं आणि म्हणाली, “हे बरं आहे, पण काठी काढताना हात भरून येतो.” आता स्प्रिंग लावायचा विचार चालू आहे. ढकलत न्यायची यंत्रं बांगलादेशात बनली आहेत, फिरतं चाक गोळी टाकत जातं. पण त्यांना सरळ रांगा आणि सारखा मऊ चिखल लागतो. आमच्या खाचरात एका कोपऱ्यात घोटाभर आणि दुसऱ्या कोपऱ्यात गुडघाभर. कोणी मेकॅनिकलवाला ऐकत असेल तर हा प्रश्न खरंच उचलण्यासारखा आहे. डोंगरउतारावरच्या पाच-दहा गुंठ्यांच्या खाचरासाठी, एका बाईला उचलता येईल एवढं हलकं, ओल्या गोळीने न अडकणारं यंत्र. ड्रोनपेक्षा मला याची गरज जास्त दिसते.

कारण दुसरा पर्याय आमच्या गावात दिसतोच आहे. आमच्या वरच्या बाजूची चार खाचरं गेली काही वर्षं पडीक आहेत. मुलं मुंबईत, म्हातारा-म्हातारीला झेपत नाही, भात विकत घेतलेलं स्वस्त पडतं. पडीक खाचराचा बांध फुटला की त्याचं पाणी आमच्यात येतं, आम्ही सोडून दिलं तर आमचं खालच्या आजोबांच्यात जाईल. त्यामुळे एका एकरात एक क्विंटल जास्त येतं की नाही, हा माझ्या घरात हौसेचा विषय नाही. आई साठीला आलीय. अजून किती वर्षं ती आणि काकी चिखलात उतरणार, आणि ते उतरणं त्यांना परवडणार का, एवढाच प्रश्न आहे.

आता गोळ्या कुठे घालू नयेत तेही सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर हे कोणी सांगत नाही. ज्या खाचरात पाणी टिकत नाही, वाळूमिश्रित हलकी जमीन, सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी गायब, तिथे नको. तिथे गोळीतलं नत्र मुळांच्याही खाली झिरपून जातं. चिकणमातीची, पाणी धरणारी खाचरं यासाठी उत्तम. पेरभात किंवा फोकलेलं भात असेल, रांगाच नसतील, तर गोळी कोणाच्या मध्ये ठेवणार? आणि गोळ्या घातल्यावर वरून ‘थोडासा युरिया सोबतीला’ फोकायचा मोह काकांना होतो, तो आवरा. जास्त नत्राने भात उंच वाढतं, लोळतं, करप्याला आमंत्रण देतं. त्यात उंच वाढणाऱ्या जुन्या स्थानिक जाती असतील तर अजूनच जपून, त्या आधीच लोळायच्या तयारीत असतात. गोळ्या घातल्यानंतर बेणणीला उतरलात तर २५ च्या वाटेतून चाला, छोट्या चौकोनात पाय घालू नका.

यंदा करून बघायचं असेल तर एवढं करा. दहा गुंठ्यांपुरतं करा, म्हणजे सहा हजार दोनशे पन्नास गोळ्या, वजन सतरा किलोच्या आत. एका माणसाचा एक दिवस. एप्रिल-मेमध्येच आणा, पॅक फोडू नका, आणल्या की अजून एका जाड प्लास्टिक पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, चुलीच्या वरच्या बाजूला असेल तर उत्तम. घेताना दुकानातच चार-पाच गोळ्या हातात घेऊन दाबून बघा, बोटाला ओल लागली किंवा गोळी भुगा झाली तर परत करा. तुकडे पडलेल्या गोळ्या वेगळ्या काढा, त्या परसातल्या भाजीला द्या. दोरीवर खुणा लावणीच्या आदल्या रात्री करा, दोन रंगांच्या चिंध्या बांधून, १५ ला एक आणि २५ ला एक. ऐन लावणीच्या सकाळी टेप शोधत बसलात तर बायका दोरी बाजूला ठेवून आपल्या सवयीने लावायला सुरुवात करतात, आणि त्यांचं बरोबरच असतं, आवण उपटून ठेवलेलं थांबत नाही.

पाइप आणि काठीचा व्हिडिओ खाली टाकलाय. स्प्रिंगचं जमलं तर पुढच्या एपिसोडला सांगतो. भेटू.